लीलाबाईचं अंडं

"उचल ते," सासू म्हणाली. "तुझ्या हातचं आज नको."

माझ्या हातात ताट होतं. ताटात उकडलेली अंडी, मसुराची आमटी आणि तांदळाच्या भाकऱ्या. सासू भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पोलक्याचा गळा रीतीप्रमाणे फाडलेला. तिच्या एका बाजूला माझा नवरा शिमशोन, दुसऱ्या बाजूला नणंद दीना. समोर समाजातल्या बायका. सासऱ्यांना पुरून पुरुषमाणसं नुकतीच परतली होती आणि दाराबाहेर हात धूत होती. सगळ्यांनी ऐकलं. ऐकू जाईल अशाच आवाजात ती बोलली होती.

मला वाटलं, रडून रडून तिला दिसत नसेल नीट. मी ताट आणखी पुढं केलं.

"हौसा, उचल म्हटलं ना."

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. साखरेचा आजार होता तिला. बोटं थरथरत होती, कपाळ घामानं भिजलेलं. असल्या वेळी तिला चटकन काही दिलं नाही तर ती आडवी व्हायची, हे त्या घरात मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं, कारण तिला दोनदा सावरून बसवलेलं मीच होते. तीच बाई भिंतीला धरून बसली होती आणि माझ्या ताटाकडं बघायला तयार नव्हती. मरेन, पण तुझ्या हातचं खाणार नाही, असं ते बसणं होतं.

ही गोष्ट पनवेलची. आता तिथं इमारती झाल्या आहेत. तेव्हा कौलारू घर होतं, मागं एक खोली काढून भाड्यानं दिलेली, त्यात लीलाबाई भंडारीण राहायची. माझे सासरे हायेम आवासकर एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. बेने इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले ज्यू. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. घाणा केव्हाच गेला होता, शनिवार राहिला होता. बोलणं माझ्यासारखंच मराठी, साडी माझ्यासारखीच, मंगळसूत्रसुद्धा. मी उरणकडची आगरी, मिठागरात वाढलेली. शिमशोनची आणि माझी ओळख औषधांच्या कारखान्यात झाली, मी पॅकिंगला होते. रजिस्टर लग्न केलं. माझ्या भावांनी मला मेली म्हणून सांगितलं आणि त्याच्या समाजानं त्याला. दोन्हीकडून सुतक लागलेलं जोडपं आम्ही. बाबा, म्हणजे सासरे, हसून म्हणायचे की दोघं मेलेली, मग आता भांडायला कोण उरलंय, या घरात.

बाबांनी घरात घेतलं. सासूनं घेतलं असं मी म्हणणार नाही. तिनं दार अडवलं नाही, इतकंच.

त्यात पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. वांगी केली आणि सवयीनं त्यात मूठभर जवळा टाकला. आमच्याकडं जवळ्याशिवाय वांग्याला कोणी वांगं म्हणत नाही. या लोकांना खवलं नसलेला मासा चालत नाही, कोलंबी नाही, खेकडा नाही, जवळा नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बाबा पहिले जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं. वांगं आज काही वेगळंच झालंय म्हणाले. मग सासूनं ताटात बघितलं. ती ओरडली नाही. तिनं मातीचं तवलं मागच्या दारी नेलं आणि दगडावर आपटून फोडलं. मातीचं भांडं धुऊन शुद्ध होत नाही, हेही मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मी रांधलेलं भांडं या बाईनं फोडलं. बाबा ओसरीवर मिशीत हसत होते. दुसऱ्या दिवशी हळूच मला विचारलं, ते छोटं छोटं काय होतं गं, नाव तरी सांग, पुन्हा खायचं नाही म्हणून.

तेव्हापासून भाकरी माझी आणि कालवण तिचं, अशी वाटणी झाली. मी चिरायचं, खोवायचं, वाटायचं. फोडणी ती देणार. मटण-मच्छीला तर मी बोटही लावायचं नाही. अडीच वर्षं अशी काढली. बाबांना माझी भाकरी आवडायची, तव्यावरून उतरली की पहिली त्यांनाच हवी. भाकरीला धर्म नसतो, असं म्हणत ते ती या हातावरून त्या हातावर झेलत बसायचे.

ते सकाळी अंघोळीला गेले आणि न्हाणीतच बसले. इतकंच झालं.

आदल्या वर्षी समाजातल्या एका घरी मयत झाली होती, तेव्हा बाबा मला बरोबर घेऊन गेले होते. मुद्दाम नेलं होतं, बघू देत लोकांना म्हणून. तिथं त्यांनी मला सांगितलं की पुरून आल्यावर घरच्यांना भरवावं लागतं, ती आपण होऊन खात नाहीत. अंडं आणि मसूर. मसुराला तोंड नसतं बघ, आणि ज्याचं माणूस गेलं त्यालाही बोलायला तोंड नसतं. एवढं सांगून त्यांनी तंबाखू मळायला घेतली आणि पुढचं राहिलं. बाबा नेहमी अर्धंच सांगायचे.

त्या अर्ध्यावर मी त्या दिवशी उभी राहिले. घरची चूल पेटवायची नाही हे मला आमच्याकडचंही माहीत होतं. म्हणून मी सासूची स्वच्छ भांडी घेऊन लीलाबाईच्या खोलीत गेले आणि तिच्या स्टोव्हवर सगळं केलं. जवळ्याचा वाससुद्धा लागायला नको म्हणून हात कोपरापर्यंत साबणानं घासले होते. बाबांसाठी करत होते. त्यांच्या बायकोला आज उपाशी ठेवायची नाही, ते असते तर त्यांनी ठेवली नसती, एवढाच विचार होता.

आणि ती म्हणाली, उचल ते.

दीना तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. दीना मुंबईला शाळेत शिकवायची, कुजबुजलं तरी फळ्यावर लिहिल्यासारखी बोलायची, पण मला शब्द ऐकू आले नाहीत. सासूनं मान हलवली. जोरात, दोनदा. मग मोठ्यानं म्हणाली, "लीलाला सांगा. लीलाला म्हणावं, अंडी उकड."

लीलाबाई दारातच उभी होती. ती माझ्याकडं बघायला लागली. मी बघितलं नाही. ती बिचारी गेली, माझ्याच पातेल्यात, त्याच स्टोव्हवर, त्याच टोपलीतली अंडी उकडली आणि घेऊन आली. तिच्या हातचं अंडं सासूनं खाल्लं. शिमशोननं खाल्लं, दीनानं खाल्लं. लीलाबाई काही ज्यू नव्हती. शिमग्याला बोंब मारणारी, घरात तीन देव असलेली भंडारीण. म्हणजे धर्माचं नव्हतंच. भांडं तेच, आग तीच, अंडीसुद्धा तीच. हात तेवढा वेगळा. मग माझ्या हातालाच काहीतरी होतं.

मी ताट घेऊन मागच्या पायरीवर गेले आणि सगळी अंडी खाल्ली. मीठ नाही, पाणी नाही, एकामागून एक. रडले नाही. रागानं जेवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळानं लीलाबाई आली. तिच्या तळहातावर एक सोललेलं अंडं होतं. म्हणाली, आईंनी दिलंय, तिला पण खायला सांग म्हणाल्या. मी म्हटलं, उरलेलं दिसतंय. ते घेतलं आणि भिंतीवर बसलेल्या कावळ्याकडं भिरकावलं. लीलाबाई काही बोलली नाही. बोलायला हवं होतं तिनं, पण तिलाही बाबांसारखीच अर्ध्यावर थांबायची सवय.

संध्याकाळची प्रार्थना आटपल्यावर मी शिमशोनला अंगणात गाठलं. सात दिवस झाले की मी जाणार, असं सांगितलं. त्यानं विचारलं कुठं. बरोबरच विचारलं, माहेर बंद होतं. मी म्हटलं, तळोज्याला, कारखान्यातल्या मैत्रिणीची खोली आहे. तुला यायचं असेल तर ये, नाहीतर आईपाशी राहा, पण या घरात मी पुन्हा पाटा-वरवंटा धरणार नाही. तो अनवाणी उभा होता, दाढी न केलेला, बाप गेलेला. त्याच्यावर दया यायला हवी होती. नाही आली. तो म्हणाला, "सात दिवस जाऊ दे हौसा. मग तू म्हणशील तसं." मी म्हटलं, ठीक आहे, सातच.

ते सात दिवस मी जमिनीवर काढले.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी लीलाबाईच्या स्टोव्हवर चहा ठेवायला उठले, तर सासूनं हाक मारून बसवलं. चहा लीला आणेल म्हणाली. पाणी भरायला उठले, तेही नको. तू इथं बस, असं म्हणून तिनं आपल्या शेजारची चटई थोपटली. दीनाला ते पटलं नाही. ती म्हणाली की सुनेनं बसायचं असं कुठं लिहिलेलं नाही, बायको बसते, मुलं बसतात, भावंडं बसतात, सून नाही, आणि त्यातून ही तर रजिस्टरवाली. हे माझ्यासमोर. सासू एवढंच म्हणाली, "बसू दे."

मी मनात म्हटलं, कळलं मला. जमिनीवर खिळवून ठेवलं की ही चुलीकडं फिरकणार नाही. चटई म्हणजे दावं आणि मी गाय.

घरात सात दिवस समई जळत होती, आरसा झाकलेला होता, आणि जेवण बाहेरून येत होतं. आज या घरून, उद्या त्या घरून. आमच्याकडं खाल्लं नसेल इतकं वाईट मी त्या आठवड्यात खाल्लं. एकीनं नारळाच्या दुधातली मच्छी आणली, ती नासली होती. एकीची डाळ अशी की बोट बुडवलं तर स्वच्छ धुऊन निघावं. हाजानबाई, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांची बायको, वालाचं बिरडं घेऊन आली, त्यातले अर्धे वाल कच्चे. सासू प्रत्येक घास खायची आणि प्रत्येकीला म्हणायची, छान झालंय. मग ती बाई गेली की डोळे मिटून माझ्याकडं न बघता पुटपुटायची, वाल रात्रभर तरी भिजवायचे बाईनं. एकदा मला हसू आलं. तिला पण आलं. लगेच दोघींनी तोंडं फिरवली. माझा राग तसाच होता, पण एका चटईवर सात दिवस बसलं की माणसाचा वाससुद्धा ओळखीचा होतो. ती झोपेत बाबांना हाक मारायची, हायेम नव्हे, अहो ऐकलंत का, अशी. मी उठून तिच्या पायांवर चादर घालायची आणि स्वतःलाच शिव्या द्यायची.

बाबांच्या गोष्टी मात्र निघायच्या. डेपोतली माणसं यायची, ड्रायव्हर, कंडक्टर, आणि जमिनीवर मांडी घालून सांगायची की आवासकरांनी बंद पडलेली गाडी कशी नुसत्या आवाजावरून ओळखली. त्यातल्या एकानं विचारलं, हौसाबाई कोण? साहेब डब्यातली भाकरी आम्हाला मोडून द्यायचे, माझ्या सुनेच्या हातची आहे म्हणून. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सासूकडं बघितलं. ती समईची वात पुढं सारत होती.

सातव्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. सगळ्यांना उठायला सांगितलं. रीतीप्रमाणे घरातली माणसं बाहेर पडली, गल्लीच्या टोकापर्यंत चालून परत आली. सासूनं चालताना माझा दंड धरला होता, गुडघे आखडले होते म्हणून. मी धरू दिला. म्हटलं, शेवटचा आहे.

परत आल्यावर मी खोलीत गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. ती आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. शिमशोन दाढीचं सामान घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. दीना आपली बॅग आवरत होती, तिला दुपारच्या गाडीनं जायचं होतं. सासू स्वयंपाकघरात स्टोव्हला पिन मारत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज स्टोव्ह तू पेटव. सात दिवसांनी घरात पहिली आग आहे."

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "का? आज माझा हात चालतो?"

तिनं वर बघितलं.

मग मी थांबले नाही. जे सात दिवस चटईवर दाबून बसले होते ते सगळं काढलं. म्हटलं, तुमच्या नवऱ्याला अडीच वर्षं मी भाकरी घातली, आणि त्याला पुरून आल्यावर माझं अंडं तुम्हाला बाटलेलं लागलं. साऱ्या समाजासमोर ताट परत पाठवलंत. लीलाबाईचं चाललं, त्याच भांड्यातलं, त्याच स्टोव्हवरचं. ती तीन देवांना नारळ फोडते ते चालतं, आणि मी तुमच्या मुलाची बायको, माझं चालत नाही. मग चालणाऱ्यांना घेऊन राहा. मी चालले तळोज्याला.

सासूच्या हातात पिन तशीच होती. ती पिशवीकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"बाटलेलं?" ती म्हणाली. "कोण म्हणालं बाटलेलं?"

मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात, तुझ्या हातचं नको.

"आज नको म्हटलं. आज." ती खाली बसली, पाटावर. "अगं, पुरून आल्यावर पहिला घास परक्याच्या हातचा असतो. घरच्या माणसानं केलेलं त्या दिवशी खाता येत नाही. शेजाऱ्यानं भरवायचं, म्हणून तर लीलाला सांगितलं. चुलीचं नसतं ते, हाताचं असतं. ह्यांनी तुला सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, बाबांनी मसुरापर्यंत सांगितलं होतं.

"अर्ध्यावर सोडलं असेल," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोडला. सात दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली. पदरानं तोंड पुसलं आणि दीनाकडं हात केला. "ही माझ्या कानात काय म्हणाली विचार हिला. सांग गं."

दीनानं बॅगेची चेन लावली. मला वाटलं ती टाळेल. ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "मी म्हटलं होतं, तुझं अंडं खायला हरकत नाही. आईची साखर उतरत होती. मी म्हटलं, ही काही आपल्यातली नाही, रजिस्टरवाली, म्हणजे परकीच, मग हिचं चालतं. खोटं कशाला बोलू, असं म्हणालीच मी." दीनाचं आणि माझं पुढं आयुष्यभर पटलं, त्याचं कारण तेवढंच, तिनं ते टाळलं नाही.

"आणि मी मान हलवली," सासू म्हणाली. "चक्कर येत होती मला. ताट समोर होतं. पण खाल्लं असतं तर चार लोकांसमोर तू परकी ठरली असतीस. मीच ठरवलं असतं. मग काय तोंडानं तुला घरात ठेवलं असतं?"

शिमशोन दारात उभा राहून दाढीचा ब्रश बोटांनी विसकटत होता. त्यालाही माहीत होतं की नव्हतं, ते मी नंतर विचारलं. त्याला माहीत होतं. त्याला वाटलं होतं, मलाही माहीत आहे. माझा राग सासूच्या बोलण्याचा आहे, अंड्याचा नाही, असं समजून तो सात दिवस गप्प बसला होता. असली माणसं.

मी सासूला म्हटलं, मग हे सात दिवसांत एकदा तरी तोंडानं सांगायचं. एका चटईवर होतो आपण.

ती म्हणाली, "चटईवर कशाला बसवलं होतं मग? सून बसत नाही आमच्यात. घरचं माणूस बसतं." आणि पुढं तक्रारीच्या सुरात, "तुला अंडं पाठवलं होतं लीलाबरोबर. ते घरच्यांनी खायचं असतं. तू ते कावळ्याला घातलंस, आणि स्वतःच्या हातची खाल्लीस पायरीवर बसून. सगळी. लीलानं सांगितलं मला. मी म्हटलं, या पोरीला काही रीतभात आहे का नाही."

इतका राग जमवून आणला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. पिशवी हातात जड लागत होती, पण खाली ठेवली तर मी हरले असं दिसलं असतं. म्हणून मी ती धरून उभी राहिले. दीना चपला घालायला बाहेर गेली. शिमशोन पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीकडं.

सासूनं स्टोव्हला पंप मारला, मग थांबली. काडेपेटी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. म्हणाली, "हे बघ. थांबणार असशील तर शिमशोनला कोंबडी घेऊन हाजानकडं पाठवते, कापून आणेल. तीन माणसांना एक कोंबडी होते. जाणार असशील तर दोघांना डाळ पुरे. मला काय ते आत्ता सांग, उशीर होतो."

मी विचारलं, मीठ कोण लावणार. कोंबडी कापून आणली की मीठ लावून रक्त काढायचं असतं, आणि ते काम तिनं कधी कोणाला दिलं नव्हतं, स्वतःच्या मुलीलासुद्धा नाही.

"तू लाव," ती म्हणाली. "मी शेजारी बसते. चुकलीस तर बोलेन. मग पुन्हा तळोजा तळोजा करायचं नाही."

मी म्हटलं, पाठवा त्याला.

तिनं विहिरीकडं तोंड करून शिमशोनला हाक मारली. मी पिशवी खाटेखाली सरकवली आणि काडी ओढली. पिशवी उघडली मात्र दोन दिवसांनी. तेवढा राग मला ठेवायचाच होता, आणि सासू ते दोन्ही दिवस केर काढताना खाटेखालून झाडू फिरवायची, पिशवी उचलायची, पुन्हा जागेवर ठेवायची, आणि एका शब्दानं विचारायची नाही.